इटालियन खटक्याचा चाकू, पिकलॉक आणि १९५८ चा घोळ

जुना इटालियन खटक्याचा चाकू कुठेही विकायला निघू दे, वर्णनात दोन शब्द हमखास असतात, स्टिलेटो आणि पिकलॉक. दोन्ही इतके सैल वापरले जातात की त्यांच्यावर विसंबून पैसे मोजणारा बऱ्याचदा फसतो.

स्टिलेटोचं आधी उरकून टाकू. मूळ स्टिलेटो हा बंद होणारा चाकू नव्हताच. तो सरळ, बारीक, सुईसारखा खंजीर, धार नावाला किंवा अजिबातच नाही, काम फक्त भोसकायचं. व्हेनिसच्या तोफखान्यात त्याचा एक प्रकार होता, त्याच्या पात्यावर मापाच्या रेघा असायच्या आणि त्यावरून तोफेच्या तोंडाचा व्यास मोजायचे. विसाव्या शतकातल्या लांबट खटक्याच्या चाकूला हे नाव चिकटलं ते फक्त त्याच्या सडपातळ आकारामुळे. इटालियन माणूस त्याला 'कोल्तेल्लो आ स्कात्तो' म्हणतो, म्हणजे सरळ आपला खटक्याचा चाकू. आपल्याकडे पोलिसांच्या बातमीत कुठलाही बंद होणारा चाकू रामपुरी होऊन जातो, मग तो रामपूरचा असो की भंगारबाजारातला, तसंच हे झालंय. पात्यावर 'मिलानो' लिहिलेलं असतं त्याचीही हीच गत. मिलानचा त्या चाकूशी संबंध बहुतेक वेळा नावापुरताच, चाकू तयार झालेला असतो मानियागोमध्ये.

मानियागो म्हणजे इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउली भागात, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. १४५३ साली तिथल्या सरदाराने व्हेनिसच्या सत्तेकडून परवानगी काढून पाण्याचा पाट आणला, त्या पाण्यावर हातोडे चालायला लागले आणि गाव लोहारांचं झालं. आधी शेतीची अवजारं आणि हत्यारं, नंतर चाकू आणि कात्र्या. तस्कनीतलं स्कार्पेरिया आणि दक्षिणेकडे मोलिझेमधलं फ्रोझोलोने ही पण चाकूचीच गावं, पण आज बाजारात ज्याला जुना इटालियन स्टिलेटो म्हणतात तो मोठ्या प्रमाणात मानियागोचा. मधली साडेचारशे वर्षं मी इथे ओलांडतोय, कारण किमतीच्या हिशोबात ती येतच नाहीत.

फक्त एक थांबा घ्यायला हवा, १९०८. त्या वर्षी इटलीत कायदा आला की ४ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा टोकदार चाकू सबळ कारणाशिवाय बरोबर घेऊन फिरायचं नाही. मग कारागिरांनी टोकच उडवलं, बोथट तोंडाचे चाकू निघाले, काही गावांच्या धंद्याला चांगलाच फटका बसला. म्हणजे अमेरिकेला हे चाकू धोकादायक वाटायच्या पन्नास वर्षं आधी खुद्द इटलीचं सरकार त्यांच्या मागे लागलं होतं, हे लोक विसरतात.

आता खरा काळ, १९४५ नंतरचा. युद्ध संपलं, इटलीत असलेले अमेरिकन सैनिक घरी परतताना आठवण म्हणून हे चाकू घेऊन गेले, आणि तिथे मागणी तयार झाली. चमकदार, स्वस्त, बटन दाबलं की खट्. १९५० च्या सुरुवातीपासून इटलीहून अमेरिकेत ढिगाने माल जायला लागला, साधारण ९, ११ आणि १३ इंचाच्या मापात, आणि हे माप उघडलेल्या चाकूच्या टोकापासून टोकापर्यंतचं, पात्याचं नव्हे. १३ इंचीचं पातं जेमतेम ६ इंचाच्या आसपास असतं. पातं बहुतेक संगिनीच्या घाटाचं, लांबट, एका बाजूला धार आणि पाठीकडून टोकाकडे उतरता छेद. काही दुधारी खंजिरासारखी, काही नागमोडी. मुठीला शिंग, लाकूड किंवा प्लास्टिक, दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूचे बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकांवरच्या धातूच्या टोप्या, आत पितळी पट्ट्या.

अमेरिकेत १९५० च्या शेवटी बायकांच्या एका मासिकात खटक्याच्या चाकूला जीवघेणं खेळणं ठरवणारा लेख आला, मग वर्तमानपत्रं, मग सिनेमातली गुंड पोरं, आणि राज्यांनी एकामागून एक बंदी आणली, न्यूयॉर्कने १९५४ मध्ये. मग १२ ऑगस्ट १९५८ ला केंद्राचा कायदा आला, साठ दिवसांनी लागू झाला. त्यात चाकू बाळगणं देशभर गुन्हा केलेलंच नाही. आयात करणं आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणं गुन्हा केलं, शिक्षा २००० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सैन्याला सूट, आणि ज्याला एकच हात आहे अशा माणसाला ३ इंचापर्यंतच्या पात्याची सूट. ब्रिटनने १९५९ मध्ये आपला कायदा केला आणि बनवण्या-विकण्यावर बंदी घातली. मला हा सगळा प्रकार चाकूपेक्षा टोळ्यांच्या भीतीचा वाटतो, कारण साधा स्वयंपाकघरातला सुरा कुणी बंद केला नाही. पण आज या चाकूंना जी किंमत आहे ती याच कायद्यांमुळे, हेही तितकंच खरं. बंदी आली नसती तर ही टपरीवरची वस्तू टपरीवरच राहिली असती.

आणि इथेच पिकलॉकचा गुंता सुरू होतो.

उघडलेलं पातं जागच्या जागी पक्कं राहावं म्हणून मुठीच्या पाठीवरून एक पट्टीची स्प्रिंग जाते, तिच्या टोकाला भोक असतं आणि पात्याच्या बुडावरची खुंटी त्यात अडकते. पातं बंद करायचं तर ही पट्टी उचलावी लागते. जुन्या चाकूत पट्टीचं टोक वरच्या बोल्स्टरजवळ जरासं बाहेर आलेलं असायचं, ते नखाने उचलायचं आणि दुसऱ्या हाताने पातं मिटायचं, कुलूप नखाने टिपून काढल्यासारखं, म्हणून पिकलॉक. नख मोडतं, बोट कापायची भीती असते, नव्या माणसाला हे जमतच नाही. नंतरच्या चाकूंमध्ये वरचा बोल्स्टरच तिरका हलतो, तो बाजूला दाबला की तोच पट्टीला उचलतो, नखाचं काम संपलं. हा बदल साधारण १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि १९६० च्या सुरुवातीला झाला. अमेरिकन कायदाही त्याच सुमाराचा, म्हणून लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आणि सूत्र काढलं: पिकलॉक म्हणजे १९५८ च्या आधीचा, हलणारा बोल्स्टर म्हणजे नंतरचा.

सूत्र सोपं आहे, पण दोन ठिकाणी गळतं. पहिलं म्हणजे मानियागोच्या कारागिराला वॉशिंग्टनच्या तारखेशी काय देणंघेणं, त्याचा माल जर्मनी, फ्रान्स, खुद्द इटली असा सगळीकडे जात होता, एका ऑक्टोबरच्या सकाळी उठून त्याने जुने सुटे भाग फेकून दिले असं कुठल्याच धंद्यात होत नाही. हातातला साठा संपेपर्यंत जुनं आणि नवं बरोबर चालतं. दुसरं आणि जास्त महागात पडणारं म्हणजे संग्राहकांना पिकलॉक हवा असतो हे कळल्यावर तो नव्याने बनायला लागला, चांगला, सफाईदार, शिंगाच्या मुठीचा, आणि तोही महाग. त्यात लबाडी काही नाही, बनवणारा नवा म्हणूनच विकतो. पण दोन-तीन हात बदलले, थोडा घासला, डब्बा हरवला, की तो पन्नासच्या दशकातला होतो. माझं तर मत असं की पिकलॉक हा फक्त यंत्रणेचा प्रकार म्हणून वापरावा, काळाचा पुरावा म्हणून नव्हे. हे लिहिलं की लोक चिडतात, कारण बऱ्याच जणांनी त्याच शब्दावर पैसे मोजलेत.

मग काळ ओळखायचा कशावरून, तर एका खुणेवरून नाही, चार-पाच खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघून. पात्याच्या बुडाशी नुसतं 'इटली' असेल तर तो निर्यातीचा माल, कारण अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव १८९० पासूनच सक्तीचं होतं. 'रोस्टफ्राय' असेल तर अनेक जण जर्मन चाकू म्हणून खूश होतात, पण तो शब्द जर्मनमध्ये 'न गंजणारं' एवढंच सांगतो, जर्मन गिऱ्हाइकासाठी इटलीत मारलेला छाप असतो तो. 'इनॉक्स' म्हणजे तेच, फ्रेंचमधून आलेलं. म्हणून स्टेनलेसचा छाप आणि त्याच्यासोबत 'पिकलॉक, १९५० च्या आधीचा' असं वर्णन दिसलं की थांबायचं आणि दोनदा बघायचं. कार्बन पोलाद असेल तर ते कुठेतरी काळवंडलेलं असतंच, इतक्या वर्षांनी आरशासारखं चकचकीत पातं म्हणजे कुणीतरी बफिंग मारलंय, आणि त्याने किंमत वाढत नाही, उतरते.

शिंग बघायला मजा येते. खरं शिंग वर्षानुवर्षं आकसतं, पिनांपासून ओढलं जातं, बारीक तडे जातात, कडेला पितळी पट्टी जराशी पुढे आलेली बोटाला लागते. प्लास्टिक आकसलं तरी असं नाही आकसत, आणि प्रत्येक मुठीवर तेच तेच पट्टे दिसतात. काही लोक गरम सुई टोचून केस जळल्याचा वास येतो का बघतात, कृपा करून करू नका, भिंगाने दिसतं ते पुरेसं असतं. मुठीची एक बाजू दुसरीपेक्षा ताजी वाटली तर ती बदललेली समजायची.

टोकाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं. हे लांबट टोक पडलं की मोडतं, आणि मग मालक ते घासून पुन्हा टोकदार करतो, दिसायला छान, पण पातं आखूड झालेलं. बंद केल्यावर टोक आणि मुठीचं बूड यांच्यात नेहमीपेक्षा जास्त फट राहत असेल, किंवा पाठीवरचा उतरता छेद मध्येच तुटल्यासारखा संपत असेल तर टोक घासलंय. मग खटका: बटन दाबल्यावर पातं एका दमात जाऊन अडकायला हवं, अर्ध्यात रेंगाळलं तर स्प्रिंग थकलीये किंवा नुसतं तेल वाळलंय, आणि या दोन्हींच्या किमतीत फरक आहे. उघडल्यावर पातं बाजूला डुलतं का तेही बघावं. मापात १३ इंची सगळ्यात मागणीचा, त्याहून मोठे तर शोभेचेच. १९५८ नंतर अमेरिकेत सुट्या भागांची पाकिटं पण विकली गेली, घरी जोडा म्हणून, त्यामुळे आजही असे चाकू निघतात की प्रत्येक भाग खरा आणि जुना, पण अख्खा चाकू कुठल्याच कारखान्यातून तसा बाहेर पडलेला नाही. याची किंमत काय लावायची यावर एकमत नाही, मी निम्मी लावतो.

पुढचा इतिहास उलटसुलट आहे. अमेरिकेत २०१० मध्ये न्यू हॅम्पशायरने बंदी काढली, २०१३ मध्ये टेक्सासने, मग बरीच राज्यं त्या वाटेने गेली, आणि तिथे मागणी उघडपणे वाढली. ब्रिटनने बरोबर उलटं केलं, २०१९ च्या कायद्याने हे चाकू घरात ठेवणंही गुन्हा झालं, २०२१ पासून लागू, त्याआधी काही महिने चाकू जमा करा आणि भरपाई घ्या अशी योजना चालवली. जर्मनीत एका बाजूने उघडणारे ८.५ सेंटिमीटरपर्यंतचे चालायचे, २०२४ च्या शेवटी तेही मोजके अपवाद सोडून बंद झाले. आपल्याकडे मागवायचा विचार असेल तर आधी स्थानिक नियम बघा. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेत बटनदार चाकू असा थेट शब्द आहे आणि पात्याच्या लांबीची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ३ इंच, अमेरिकेने एका हाताच्या माणसाला दिली होती तेवढीच. नऊ इंची स्टिलेटोचं पातं त्याच्याही पुढे जातं.