"ग्रंथात आहे" आणि "ग्रंथ सांगतो"

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या दहाव्याला नाशिकला, पंचवटीतल्या रामकुंडावर होतो. भावाला एकच मुलगी. पत्रावळीवर भाताचे पिंड मांडलेले, दर्भ भिजवून ठेवलेला. ती पाटावर बसणार, एवढ्यात नात्यातल्या एका काकांनी मोबाईल पुढे केला. "थांब बाळा. मुलगा बसला नाही तर पितर खाली येतात, हे खुद्द भगवंतांनी गीतेत सांगितलंय. पुतण्याला बसू दे." पडद्यावर रथाचं चित्र आणि त्यावर ओळ: पतन्ति पितरो ह्येषां लुप्तपिण्डोदकक्रियाः. खाली आकडा, १.४२.

तिने फोन हातात घेतला, वाचलं आणि शांतपणे विचारलं, "काका, हे भगवंत कुठे म्हणतात? हा तर अर्जुन बोलतोय."

हा घोळ मी इतक्या वेळा पाहिलाय, की आता सविस्तर लिहायलाच हवं. एखादी ओळ ग्रंथात असणं ही एक गोष्ट आणि ग्रंथाने ती शिकवणं ही दुसरी. या दोहोंतला फरक आपल्याला माहीत नाही असंही नाही. "सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला" हे नाथांचं भारूड आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातली सून सासऱ्याला गावीच खपव म्हणते, सासूला निर्दाळ म्हणते. म्हणून एकनाथांनी सासू-सासरे मारायला सांगितलं, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. सोंग कोणाचं आणि नाथ कुठे उभे आहेत, हे आपल्याला लगेच कळतं. भारुडाला जो कान आपण लावतो, तो गीतेला लावत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता गीतेचंच घ्या. ७०० श्लोक. त्यांत धृतराष्ट्राचा एकच, संजयाचे चाळीसेक, अर्जुनाचे ऐंशीच्या वर, उरलेले भगवंतांचे. पहिल्या अध्यायात तर भगवंत अर्धी ओळच बोलतात: पार्था, जमलेले हे कुरू पाहा (१.२५). पुढे १.२८ मध्ये 'अर्जुन उवाच', म्हणजे 'अर्जुन म्हणाला', येतं आणि तिथून अध्याय संपत येईपर्यंत एकटा अर्जुन बोलतो. कुलक्षय, वर्णसंकर (वर्णांची सरमिसळ), पितरांचं पतन, नरक हे सगळं त्याच्या तोंडचं आहे. हात कापताहेत, गांडीव गळून पडतंय, आणि का लढायचं नाही याची कारणं तो एकामागून एक मांडतोय. अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग.

त्यातला एक शब्द तर फार महत्त्वाचा आहे. १.४४ च्या शेवटी अर्जुन म्हणतो, "इत्यनुशुश्रुम". असं आम्ही ऐकत आलोय. म्हणजे बोलणारा स्वतःच सांगतोय की ही ऐकीव गोष्ट आहे, आणि आपण तीच देववाणी म्हणून फोनवर फिरवतो. भगवंतांचं खरं उत्तर २.११ पासून सुरू होतं. त्याची पहिलीच ओळ अशी की ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस आणि वर शहाण्यासारखं बोलतोस. पहिला अध्याय हा प्रश्न आहे, उत्तर नाही. आपल्या जुन्या परंपरेत याला पूर्वपक्ष (आधी मांडलेली, खोडायची बाजू) आणि सिद्धान्त (शेवटी ठरलेलं मत) असे स्वच्छ शब्द आहेत. पूर्वपक्ष उचलून सिद्धान्त म्हणून खपवणं तिथे गैरच मानलं गेलं असतं.

आणि श्लोक एवढंच म्हणतो, की पिंड-पाण्याची क्रिया लोपली की पितर खाली पडतात. मुलगा की मुलगी, हा विषय त्यात नाहीच. ती भर काकांची.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. "अर्जुन बोलतोय" एवढ्यावरून "गीता पिंडदान नको म्हणते" असं कोणी म्हणायला लागलं, तर तेही खोटं. भगवंत त्या मुद्द्याचा वेगळा निवाडा करतच नाहीत. ते प्रश्नच दुसरीकडे नेतात. संकर हा शब्द तर ३.२४ मध्ये ते स्वतः वापरतात, मी कर्म केलं नाही तर काय होईल हे सांगताना. वाद घालायचा असेल तर तो श्लोक घ्या. ते निदान त्यांचं बोलणं आहे.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'संदर्भ' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. "संदर्भ दिलाय की, एक बेचाळीस!" असं काका म्हणाले तेव्हा त्यांनी पत्ता दिला होता. घरात कोण बोलतंय, कोणाशी, कशावरून, ते दिलंच नव्हतं. १.४२ चा बोलणारा शोधायला चौदा श्लोक मागे जावं लागतं. सुट्या श्लोकांच्या चित्रांत 'उवाच' नेमकं कापलेलं असतं, म्हणून ती चित्रं मला अजिबात चालत नाहीत. प्रत घ्यायची तर 'उवाच' वेगळ्या ओळीत ठळक छापलेली घ्यावी.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. श्लोकांचे आकडे प्रतीनुसार एखाद्याने इकडेतिकडे होतात, होऊ द्या. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाही, ती नंतरच्या रामकथांतून आली. कुठलं रामायण म्हणताय तेवढं सांगितलं की झालं.

हे लिहिण्याला आमच्या गावात वजन आहे. याच पंचवटीत २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि धर्माचं नाव सांगून दारं बंद ठेवली गेली. "शास्त्रात आहे" या दोन शब्दांनी माणसं बाहेर उभी राहतात. म्हणून शास्त्रात कोण बोलतंय, हे विचारलंच पाहिजे.

पंचवटीवरून अरण्यकांडाकडे येतो. मारीचाची हाक ऐकून सीता लक्ष्मणाला नको ते बोलते, आणि तो दुखावून म्हणतो की स्त्रिया चंचल, तीक्ष्ण, भेद पाडणाऱ्या असतात. ही ओळ "रामायण सांगतं" म्हणून हमखास ऐकवली जाते. पण बोलणारा घाव लागलेला धाकटा दीर आहे. आणि पुढे राम त्यालाच बोल लावतो: रागावलेल्या स्त्रीचे कठोर शब्द ऐकून तू तिला सोडून आलास, हे बरं केलं नाहीस. निवाडा ग्रंथातच झालेला आहे.

पण त्याच कांडात, थोडं आधी, अगस्त्य ऋषी रामाला पंचवटीचा पत्ता सांगतात. त्याच भेटीत ते म्हणतात, की सुखात असलेल्यावर प्रेम करायचं आणि संकटातल्याला सोडायचं हा सृष्टीपासून स्त्रियांचा स्वभाव आहे. सीता मात्र तशी नाही. इथे बोलणारा चिडलेला नाही. तो पूज्य आहे, शांत आहे, आणि राम त्याला अडवत नाही. हेतू सीतेच्या कौतुकाचा आहे हे खरं, पण स्त्रियांबद्दलचं विधान तसंच उरतं.

भावाच्या मुलीने पुढे एकदा नेमका हाच श्लोक काढून विचारलं, "काका, इथे काय म्हणाल?" मी म्हटलं, इथे बोलणाऱ्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. हे ग्रंथात आहे, आदराने म्हटलेलं आहे, आणि मला ते पटत नाही. तिने पेन्सिलीने समासात 'अगस्त्य' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि आम्ही पुढचा सर्ग उघडला.