डीपीआय लिहा, पण शेवटच्या सेव्हमध्ये

“आम्ही फाइलमध्ये डीपीआय (दर इंचाला किती पिक्सेल छापायचे तो आकडा) ३०० टाकलं होतं, तुमच्याकडे काहीच का दिसत नाही?” स्क्रिप्ट चालवून छपाईसाठी शेकड्यांनी फाइल्स तयार करणारे ग्राहक आम्हा छपाईवाल्यांना हे सतत विचारतात. तुमच्या फाइलला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. आकडा बहुतेक वेळा तुमच्याच स्क्रिप्टमध्ये गळतो.

पायथनच्या पिलो या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत ३०० डीपीआयची जेपेग उघडली, क्रॉप केली, सेव्ह केली, की डीपीआय गेला. जेपेग सेव्ह करताना पिलो जुना आकडा आपणहून पुढे नेत नाही. सेव्हच्या ओळीतच आडवा आणि उभा असे दोन्ही आकडे द्यावे लागतात. कलर प्रोफाइलचंही (फाइलमधले रंग नेमके कसे धरायचे ही नोंद) तसंच, आणि ती गेली तर छपाईत रंग बदलू शकतात. त्याच ओळीत क्वालिटीही सांगा. न सांगितल्यास पिलो ७५ धरते. मधल्या पायरीवर कितीही काळजीने लिहिलेला डीपीआय पुढच्या सेव्हला टिकेलच असं नाही, म्हणून तो अगदी शेवटी लिहा.

जेपेगमध्ये हा आकडा दोन ठिकाणी असू शकतो, जेएफआयएफमध्ये (फाइलच्या सुरुवातीची नोंद) आणि एक्झिफमध्ये (कॅमेरा किंवा सॉफ्टवेअरने जोडलेली माहिती). एकीकडे ३०० आणि दुसरीकडे ७२ असेल, तर कोणतं सॉफ्टवेअर कोणता वाचेल याचा भरवसा नाही. दोन्हीकडे सारखाच ठेवा.

पीएनजीत २९९.९९९४ दिसलं तर घाबरू नका. तिथे नोंद दर मीटरला किती पिक्सेल अशी होते, ११८११ हा पूर्णांक लिहिला जातो आणि उलट हिशेबात एवढा फरक पडतो. आम्ही तो ३००च धरतो.

इमेजमॅजिक (कमांडने चित्रं बदलण्याचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर फक्त डीपीआयचा आकडा लिहिणारा डेन्सिटी हा पर्याय वापरा, रिसॅम्पल नको. रिसॅम्पलने पिक्सेलच नव्याने बनतात आणि बारीक अक्षरं मऊ पडतात.

आकडा नसेल तर आम्ही काम थांबवून तुम्हाला विचारतो. काहींना हा उशीर खटकतो. पण १२०० बाय १८०० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला ४ बाय ६ इंच होते, १५०ला ८ बाय १२. तुम्हाला कोणता आकार हवा हे फाइल बघून कळत नाही, आणि अंदाजाने छापलेला कागद परत घेता येत नाही.

मोठी बॅच असेल तर आधी एकच फाइल पाठवा. आकार, डीपीआय आणि प्रोफाइल तपासून आम्ही लेखी कळवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाकीच्या फाइल्ससाठी स्क्रिप्ट त्यानंतर चालवा.