शाळेतल्या खिचडीत अंडं आलं कसं आणि गेलं कुठे

शाळेतली दुपारची खिचडी, म्हणजे शालेय पोषण आहार, कोण शिजवतं, कधी वाढतात हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ते सोडून देतो. या खिचडीसोबतच्या अंड्याला सरकारने वेगळा निधी देणं बंद केलं, तो वाद कळायला मात्र थोडं मागे जावं लागतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शाळेतल्या जेवणाची योजना आली तेव्हा महाराष्ट्रात शाळेत चूल पेटतच नव्हती. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की ३ किलो तांदूळ घरी. पोरं पिशव्या घेऊन रांगेत, गुरुजी तराजू घेऊन बसलेले, आणि तो तांदूळ एकदा घरच्या डब्यात पडला की सगळ्या घराचा, त्यातला पोराच्या पोटात किती गेला ते कोण बघणार. मग २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिजवलेलंच अन्न द्या, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रोटीन, वर्षातून किमान २०० दिवस. माझ्या मते या योजनेतलं सगळ्यात मोठं वळण हेच, कारण तेव्हापासून हिशोब ताटात काय पडलं याचा सुरू झाला. पुढे पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी नि १२ ग्रॅम, सहावी ते आठवीला ७०० नि २० ग्रॅम असं ठरलं. २०२१ मध्ये योजनेचं नावही बदलून 'पीएम पोषण' झालं, गावात अजून खिचडीच म्हणतात.

आता अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, उकडून नाहीतर पुलावात, न खाणाऱ्याला केळं किंवा दुसरं फळ. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे लहान पोराच्या दिवसाच्या कोट्याचा निम्मा, आणि डाळ पातळ करता येते तसं अंडं पातळ करता येत नाही! तरी विरोध झाला, शाळेत अंडं शिजायलाच नको म्हणून. ज्यांच्या घरात अंडं चालत नाही त्यांची अडचण मला कळते, पण त्यांना फळ होतंच की, मग बाकीच्या पोरांच्या ताटातलं काढायचं कशाला?

जानेवारी २०२५ मध्ये नवा जीआर आला. अंडं बंद असं त्यात म्हटलेलं नाही. अंडी आणि गोड पदार्थाच्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचं असेल तर शाळेने लोकसहभागातून द्यावं, एवढंच. हा 'लोकसहभाग' शब्द नीट वाचा. मोठ्या गावात कुणी वाढदिवसाला दोन ट्रे देईलही, पण ज्या पाड्यावर आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत तिथे वर्गणी मागायची कुणाकडे? तिथे लोकसहभाग म्हणजे मास्तरांचा खिसा, आणि तोही दर आठवड्याला कसा पुरणार. अंड्याची खरी गरज त्याच पाड्यावरच्या पोरांना आहे.