हवा काढणे (डिझेल इंजिन)

हवा काढणे : डिझेल इंजिनाच्या इंधनमार्गात शिरलेली हवा बाहेर घालवून टाकीपासून नोझलपर्यंत (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत) डिझेलची धार पुन्हा अखंड जोडण्याची क्रिया. विहिरीवरचे पंपाचे इंजिन, पॉवर टिलर, ट्रॅक्टर, जुने टेम्पो अशा यांत्रिक इंधनपंपावर चालणाऱ्या इंजिनांना ती वेळोवेळी करावी लागते. अशा वेळी इंजिनाने ‘हवा धरली’ किंवा ‘एअर घेतली’ असे म्हणतात. टाकीत डिझेल आहे, हँडल नीट फिरते आहे, पण इंजिन पेट घेत नाही आणि धुराड्यातून धूरही येत नाही, ही त्याची खूण. धूर न येणे इथे महत्त्वाचे. हँडल मारताना पांढरा धूर निघत असेल तर डिझेल सिलिंडरात पोचते आहे, फक्त पेटत नाही. तेव्हा हवा काढत बसण्यापेक्षा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा पुरेशी दाबली जाते का, ते पाहावे.

एवढ्याशा हवेने इंजिन का अडते, हे आकड्यांत चांगले समजते. पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १,५०० फेरे घेणारे एका सिलिंडरचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल खाते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा फवारा, म्हणजे तासाला ४५,००० फवारे. एका फवाऱ्याच्या वाट्याला जेमतेम २०-२५ घनमिलिमीटर डिझेल येते, एखादा बारीक थेंब. नोझलची सुई स्प्रिंगने दाबून धरलेली असते आणि सुमारे २०० बार दाब झाल्याशिवाय उठत नाही. डिझेल जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे इंधनपंपाचा प्लंजर (दट्ट्या) किंचित सरकला तरी तो दाब तयार होतो. हवा मात्र दबते. थेंबाएवढा बुडबुडा प्लंजरचा सगळा रेटा पोटात घेतो आणि प्लंजर खाली गेला की पुन्हा फुगतो. पंप चालू, नोझल चांगले, तरी फवारा नाही.

गंमत अशी की रुडॉल्फ डिझेल यांचे १८९७ सालचे ऑग्सबर्गचे इंजिन सिलिंडरात इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवाच वापरत असे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, म्हणून इंजिन अवजड होई. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ मध्ये इंधनपंपांचे घाऊक उत्पादन सुरू केल्यावर हवेविना फवारा सोपा झाला आणि तेव्हापासून इंधनमार्गातली हवा नकोशी ठरली. भारतात हे पंप बनवणारी मायको कंपनी १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झाली. पंपाला ‘मायको’ म्हणणारे मिस्त्री अजून भेटतात. महाराष्ट्रात डिझेल इंजिन गावोगाव पोचवण्यात १९४६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा वाटा मोठा.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून नोझलकडे. आधी टाकी निदान अर्धी भरून कॉक उघडतात. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल केला की फेसाळ डिझेल येऊ लागते. बुडबुडे थांबून स्वच्छ धार लागली की, धार चालू असतानाच, स्क्रू आवळतात. मग हेच इंधनपंपावरच्या स्क्रूला. ट्रॅक्टरमध्ये डिझेल खेचायला फीड पंप असतो, तेव्हा त्याचा हातपंप मारावा लागतो. शेवटी नोझलकडच्या जाड नळीचा नट अर्धा फेरा सैल करून, डिकंप्रेशन लिव्हर (सिलिंडरातला दाब सोडून हँडल हलके करणारा दांडा) उचलून हँडल फिरवतात. तिथून डिझेलची उसळी आली की नट आवळायचा. पुढच्या फेऱ्यांना नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला की फवारा बसला. जाणता मिस्त्री धुराकडे पाहण्याआधी या आवाजाला कान देतो. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा वाचत नाही.

इथपर्यंतचे काम कोणीही शिकतो. अवघड असते ते हवा आली कुठून हे शोधणे, आणि ते टाळले की तासाभराने तेच इंजिन पुन्हा बंद पडते. टाकी रिकामी होईपर्यंत चालवले किंवा फिल्टर बदलला, तर कारण उघड आहे. एरवी इंजिनाची मांडणी पाहावी. विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाची टाकी वर असते, डिझेल स्वतःच्या वजनाने उतरते. तिथे सांधा ढिला असला तर डिझेल बाहेर ठिबकते आणि दोष दिसतो. फीड पंप असलेल्या गाडीत टाकी ते फीड पंप या टप्प्यात ओढ असते. तिथला ढिला सांधा गळत नाही, हवा आत घेतो. ‘गळत नाही म्हणजे घट्ट आहे’ हा समज नेमका याच टप्प्यात फसवतो, आणि मग निर्दोष इंधनपंप खोलून कॅलिब्रेशनला (फवाऱ्याचे माप जुळवायला) जातो. उपाय साधा आहे : त्या टप्प्यात थोडी पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवावे. बुडबुडे दिसले तर दोष तिच्या मागे, टाकीच्या बाजूला. स्वच्छ धार दिसली तर पुढे. गुन्हेगार बहुधा बॅन्जो बोल्टखालचा (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचा) तांब्याचा वायसर निघतो. तो आवळून आवळून कडक होतो. लाल होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ पडतो, पण नवा घालणे बरे.

हवेसारखीच लक्षणे दाखवणारे दोषही आहेत. सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडणाऱ्या इंजिनाच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. ‘स्स्’ करून हवा आत गेली तर झाकणाचे भोक बुजले आहे. भार टाकताच दम तोडणारे इंजिन बहुधा तुंबलेल्या फिल्टरचे असते. थंड असताना सुरू होणारे पण तापल्यावर बंद केले तर पुन्हा न पेटणारे इंजिन इंधनपंपातल्या झिजलेल्या एलिमेंटकडे (प्लंजर आणि त्याच्या नळकांड्याच्या जोडीकडे) बोट दाखवते, कारण गरम डिझेल पातळ होऊन प्लंजरच्या कडेने निसटते.

कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच उच्चदाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात) मात्र जाड नळीचा नट सैल करण्याची पद्धत वापरू नये. तिथला दाब १,००० बारच्या वर जातो आणि अशी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण डिझेल आत पसरलेले असते. तेव्हा मलमपट्टी करून न थांबता लगेच रुग्णालयात जावे लागते.