टेबलावरची रेल्वे लहान कशी होत गेली

आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या बारा मिलिमीटर रुंदीचे रूळ मांडलेले आहेत आणि त्यांवर एक काळं, सहा चाकांचं टँक इंजिन (पाणी आणि कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारं) फिरतं आहे. ब्रिटनमध्ये या जातीच्या खऱ्या इंजिनांना ‘जिंटी’ म्हणत. हे तळहातावर मावणारं इंजिन 1957 मध्ये ब्रिटनच्या ट्राय-अँग या खेळण्यांच्या कंपनीच्या टीटी मालिकेतून बाजारात आलं. टीटी म्हणजे टेबल टॉप. इतकं लहान इंजिन त्या काळी कसं जमलं आणि त्याआधी का जमलं नाही, याचं उत्तर मला तरी इंजिनातल्या विजेच्या मोटारीत सापडतं. रेल्वेची मॉडेलं किती लहान होऊ शकतात हे मोटार ठरवत आली, आणि जुनी इंजिनं चालवायची तर आजही तिलाच सांभाळावं लागतं.

गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराच्या, नावांपासून सुरुवात केलेली बरी, कारण नवख्या माणसाचा घोळ तिथेच होतो. 1891 मध्ये जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे रूळ मांडले आणि मापांना आकडे दिले. आकडा वाढेल तसं माप मोठं. पुढे एक नंबरपेक्षा लहान माप निघालं, तेव्हा त्याला शून्य म्हणावं लागलं. त्याच्याही निम्मं माप आल्यावर ‘हाफ झिरो’, म्हणजे आपलं एचओ, आणि ब्रिटिशांचं डबल ओ. लहान होण्याची ही शर्यत कुणी आधी आखलेली नव्हती, त्यामुळे नावं अशी मागून चिकटवलेली आहेत.

16.5 मिलिमीटरचा रूळ 1922 मध्ये आला. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने पत्र्याची टेबल रेल्वे काढली आणि ब्रिटनमध्ये ती बॅसेट-लोकमार्फत विकली गेली. सुरुवातीला तिला किल्ली द्यावी लागे, वीज नंतर आली. पुढे बिंग कंपनी बुडाली, पण त्याच घराण्यातल्या स्टेफान बिंग यांनी ट्रिक्स कंपनी हाती घेतली आणि 1935 मध्ये ट्रिक्स एक्सप्रेस आणली. त्याच वर्षी मेर्क्लिननेही आपली लहान गाडी दाखवली. बिंग कुटुंब ज्यू होतं. 1938 मध्ये नाझी राजवटीत त्यांना कंपनी विकणं भाग पडलं आणि ते इंग्लंडला गेले. जुन्या ट्रिक्सचं इंजिन हातात घेतलं की मला हे आठवतंच.

ब्रिटनमध्ये एक वेगळीच अडचण होती. तिथले बोगदे आणि पूल सुरुवातीच्या काळातले, अरुंद, म्हणून इंजिनंही युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. ती एचओच्या 1:87 प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी, केली तर त्या काळची मोटार आत बसेना. मग रूळ तेच 16.5 मिलिमीटरचे ठेवून वरचं अंग तेवढं 1:76 ला, म्हणजे फुटाला 4 मिलिमीटर या हिशेबाने वाढवलं. डबल ओ म्हणतात ते हेच. खऱ्या रुळांमधलं 4 फूट साडेआठ इंच अंतर या प्रमाणात 18.83 मिलिमीटर व्हायला हवं, म्हणून डबल ओची गाडी समोरून पाहिली की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. मोटारीपायी केलेली ही तडजोड ब्रिटनमध्ये आजतागायत चालू आहे.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1938 मध्ये हॉर्नबी डब्लो आणली ती याच मापात. मध्ये तिसरा रूळ, 12 व्होल्टचा डीसी प्रवाह, जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव इंजिनं. वजन असल्यामुळे ती रूळ घट्ट धरत. मात्र युद्धापूर्वीचं हॉर्नबी डब्लो विकत घेणार असाल तर आधी ओतकाम भिंगाखाली बघा. त्या काळी जस्तात थोडं जरी शिसं मिसळलं गेलं असेल, तर धातू वर्षानुवर्षं आतून पोखरला जातो. आधी केसासारख्या चिरा दिसतात, मग अंग फुगतं, वाकतं आणि एक दिवस हातात तुकडे येतात. दमट हवेत हे लवकर होतं. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याने असं इंजिन पावसाळ्यात उघड्या फळीवर ठेवू नये, सिलिका जेल टाकून बंद डब्यात ठेवावं. एकदा कीड लागली की तिच्यावर औषध नाही.

युद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. अल्निको या मिश्रधातूचे ताकदवान चुंबक आल्यामुळे मोटार आकसली आणि प्लॅस्टिकमुळे गाडी स्वस्त झाली. 1950 च्या नाताळात रोव्हेक्स कंपनीने मार्क्स अँड स्पेन्सरसाठी प्लॅस्टिकचा संच केला. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्सने रोव्हेक्स विकत घेतली आणि ट्राय-अँग रेल्वे उभी राहिली. 1964 मध्ये तर खुद्द मेकॅनोच लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली.

टीटीची सुरुवात मात्र अमेरिकेतली, 1940 च्या दशकातली. तिथलं प्रमाण 1:120, रूळ 12 मिलिमीटरचे. जर्मनीत रोकालने ते उचललं आणि पूर्व बर्लिनमध्ये त्सोइके उंट वेगवेर्थने. पूर्व जर्मनीतल्या लहान सदनिकांमध्ये हे माप असं रुजलं की देश एक झाल्यानंतरही टिलिगने ते चालू ठेवलं. ट्राय-अँगने 1957 मध्ये रूळ तेच घेतले, पण अंग फुटाला 3 मिलिमीटर, म्हणजे 1:101.6. पुन्हा तेच, मोटारीसाठी केलेली जागा.

तोवर लोक आणखी लहान मापाकडे निघाले होते. 1960 मध्ये ब्रिटनच्या लोन स्टारने विजेवरची ट्रेबल-ओ-लेक्ट्रिक आणली. तिच्यात मोटारीपासून चाकापर्यंतची ओढ चक्क रबरबँडची. आज ते रबर वाळून गेलेलं असतं आणि इंजिन मेलं असं समजून लोक ते टाकून देतात, याचं फार वाईट वाटतं. खर्च असतो एका रबरबँडचा. त्याच सुमारास न्यूरेंबर्गच्या आर्नोल्डची रापिडो आली, 9 मिलिमीटर रुळांची. तिचा डबे जोडायचा आकडा इतरांनी उचलला आणि एन गेज जगभर पसरलं. 1972 मध्ये मेर्क्लिनने 1:220 चं झेड गेज काढलं. या लाटेत ट्राय-अँगची टीटी 1960 च्या दशकातच बंद पडली. पण ब्रिटनमधल्या हौशी लोकांनी 1965 मध्ये थ्री एमएम सोसायटी काढली आणि सुट्या भागांपासून चाकांपर्यंत सगळं आपलं आपण सांभाळलं. माझी जिंटी चालते आहे ती अशा लोकांमुळे.

तिची सेवा अशी: आधी चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. मग तांब्याचा कम्युटेटर, म्हणजे मोटारीला वीज पोचवणारा फिरता भाग, कापसाने साफ करायचा. त्याच्या तीन फाळक्यांमधल्या बारीक फटींत कार्बनची काळी पूड साचते, ती लाकडी दातकोरणीने हलकेच काढायची. सुई घालू नका, ओरखडा पडतो. कम्युटेटरला टेकणारे कार्बन ब्रश झिजले असतील तर बदलायचे, बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल द्यायचं. आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता गाभा, बाहेर काढायचा मोह टाळा. चुंबकाच्या मधलं लोखंड काढलं की जुन्या अल्निकोची ताकद उतरते, मग मोटार गरम होते आणि ओढत नाही. एवढं केलं की आधी एक गुरगुर, ब्रशपाशी निळसर ठिणगी, ओझोनचा तो तिखट वास, आणि गाडी हलते.

आपल्याकडे ही हौस जवळून पाहायची तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथला देखावा एचओ मापात आहे. भारतीय गाड्या करू पाहणाऱ्यांची एचओत पंचाईत होते, कारण आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची आणि तयार मिळणारे रूळ 4 फूट साडेआठ इंचांच्या हिशेबाचे. इथे मला ट्राय-अँगचं ते बंद पडलेलं प्रमाण उपयोगी वाटतं. फुटाला 3 मिलिमीटर धरले तर साडेपाच फुटांचे बरोबर 16.5 मिलिमीटर होतात, म्हणजे कुठेही मिळणारा एचओचा रूळ. आणि नेरळहून माथेरानला जाणारी 1907 सालची दोन फुटी गाडी 6 मिलिमीटरची होते. झेडचा रूळ साडेसहाचा, अर्ध्या मिलिमीटरचा फरक. नेरळ स्टेशन, मोठी गाडी एका बाजूला आणि माथेरानची दुसऱ्या बाजूला, एकाच टेबलावर एकाच प्रमाणात बसतं. जिंटीच्या शेजारी सध्या त्याचाच कागदी आराखडा पडलेला आहे.