बंद बंगल्याला पाणी लागत नाही? लागतं!

‘सेकंड होम वर्षातले दहा महिने बंद असतं, मग गावाच्या पाण्यावर त्याचा कसला भार?’ हा युक्तिवाद वर्षानुवर्षं ऐकू येतो. तो चुकीचा आहे. माणसं गेली तरी लॉन आणि स्विमिंग पूल तिथेच असतात.

हिशेब साधा आहे: एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं, की एक लिटर गेलं. ८ बाय ४ मीटरच्या पूलमधून उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर धरले तरी १६० लिटर. २०० चौरस मीटर लॉनला त्याच दराने रोज १,००० लिटर, आणि टायमरवरचे स्प्रिंकलर मालक नसतानाही चालतात. पूल झाकला तर बाष्पीभवन बरंच थांबतं. लॉन मात्र काढून टाकून तिथल्या पावसावर तगणारी झाडं लावावीत.

किनाऱ्यालगत बोअरवेलचा उपसा जास्तच घातक. तिथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं; भूजल पातळी १ मीटर उतरली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने सुमारे ४० मीटर वर सरकू शकते. मग शेजाऱ्यांच्या विहिरीही मचूळ होतात.

सेप्टिक टँकही बंद घरात सुस्तावतो. जिवाणू रोडावतात, आणि सुट्टीत एकदम वीस माणसांचा भार आला की अर्धवट कुजलेला मैला शोषखड्ड्यात जातो.