तरुण खेळाडूचा आकस्मिक मृत्यू आणि सामूहिक शोक

वरवर पूर्ण निरोगी दिसणारा, साधारणपणे पस्तिशीच्या आतला खेळाडू खेळताना, सरावात किंवा त्यानंतर थोड्याच वेळात ध्यानीमनी नसताना दगावणे, म्हणजे खेळाडूचा आकस्मिक मृत्यू. बहुतेक वेळा हृदय एकाएकी बंद पडलेले असते. विश्रांतीत किंवा झोपेत आलेले मृत्यूही यात धरतात. इटलीच्या फिओरेन्तिना फुटबॉल संघाचा कर्णधार दाविदे आस्तोरी ४ मार्च २०१८ रोजी, सामन्याच्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत आढळला. असे मृत्यू विरळ आहेत. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंत हृदयामुळे येणाऱ्या आकस्मिक मृत्यूचे प्रमाण वर्षाला ढोबळमानाने ५०,००० मध्ये एक असे मानतात. मात्र ज्या संघातला पोरगा जातो, त्या संघाला या आकड्याने कसलाच धीर मिळत नाही.

कारणे : ‘हार्ट अटॅक आला’ असे लोक सरसकट म्हणतात, पण तरुणांच्या बाबतीत ते सहसा खरे नसते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. इथे बहुधा हृदयाची लयच बिघडते. ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते, मेंदूचे रक्त तुटते आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. मुळाशी बहुधा जन्मजात किंवा आनुवंशिक दोष असतो. स्नायूची विकृत जाडी, उजव्या कप्प्याच्या स्नायूत शिरलेली चरबी व व्रण, चुकीच्या जागेहून निघालेली रक्तवाहिनी किंवा विद्युतवहनातली गडबड हे त्यांतले काही. शेवटच्या प्रकारात हृदयाची रचना अगदी ठीक दिसते. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला आलेली सूजही जीव घेते. म्हणून तापातून उठल्या उठल्या जोरात खेळू नये, हा सल्ला हलक्यात घेण्यासारखा नाही. कधी हृदय धडधाकट असते, पण नेमक्या क्षणी छातीवर बसलेल्या फटक्याने ते थांबते. अमेरिकन फुटबॉलपटू डामार हॅमलिन २ जानेवारी २०२३ रोजी असाच कोसळला आणि जागच्या जागी मिळालेल्या उपचारांमुळे वाचला.

कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील ल्यों येथे ७२ व्या मिनिटाला मैदानाच्या मध्यावर पडला. जवळ प्रतिस्पर्धी नव्हता, धक्काही लागलेला नव्हता. वय २८. शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड झाल्याचे आढळले.

पहिली काही मिनिटे : कोसळलेला खेळाडू डोळे उघडे ठेवून पडलेला असू शकतो. तो मधूनच घशातून घरघरता श्वास घेतो, हातपाय झटकतो. पाहणाऱ्यांना वाटते फिट आली, किंवा ‘श्वास चालू आहे, थांबा’. याच गैरसमजात मोलाची मिनिटे जातात. छातीदाब दिला नाही, तर विद्युतधक्का मिळण्यास होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिरागणिक जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. एईडी हे विद्युतधक्का देणारे यंत्र स्वतःच्या आवाजात सूचना देते आणि गरज असेल तरच धक्का देते. ते कुलूपबंद कार्यालयात असेल आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाच्या खिशात असेल, तर असून नसल्यासारखेच. इंग्लंडमध्ये १७ मार्च २०१२ रोजी कोसळलेल्या फुटबॉलपटू फाब्रिस मुआम्बाचे हृदय ७८ मिनिटे स्वतःहून चालत नव्हते. छातीदाब थांबला नाही, आणि तो जगला.

पूर्वतपासणी : इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. तेथील व्हेनेतो प्रांतात १९७९ ते २००४ या काळात अशा मृत्यूंचे प्रमाण लाखात ३.६ वरून ०.४ वर आले. तरीही सर्वांचा ईसीजी काढावा का, यावर मतभेद आहेत. सरावलेल्या खेळाडूचे हृदय मुळातच थोडे वेगळे दिसते, त्यामुळे निरोगी मुलांवरही खेळ सोडण्याची वेळ येऊ शकते. दोन गोष्टींबाबत मात्र दुमत नसावे : पळताना चक्कर येऊन पडणे आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेले असणे. अशा मुलाची नीट तपासणी झाल्याशिवाय त्याला मैदानात उतरवू नये.

संघ व समाजाचा शोक : हा मृत्यू चारचौघांत होतो, म्हणून शोकही चारचौघांत सुरू होतो. कोपनहेगन येथे १२ जून २०२१ रोजी फिनलंडविरुद्धच्या सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन कोसळला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ करून कडे केले, जेणेकरून कॅमेऱ्यांना तो दिसू नये. गॅलरीतून फिनलंडचे पाठीराखे ‘क्रिस्तियन’ म्हणून हाक देत आणि डेन्मार्कचे ‘एरिक्सन’ म्हणून ती पुरी करत. तो शुद्धीवर आला, वाचला. थांबलेला सामना त्याच संध्याकाळी पुढे चालू केला गेला. खेळाडूंवर तो निर्णय लादायला नको होता, असे डेन्मार्कच्या प्रशिक्षकांनी नंतर सांगितले. त्यांचे म्हणणे योग्यच होते. नुकत्याच हादरलेल्या मुलांना ‘आता खेळता की उद्या?’ असे विचारणे म्हणजे त्यांना काही विचारणे नव्हेच.

मृत्यू झाल्यावर खेळणे थांबवायचे की त्याच्या नावाने खेळायचे, याला एक उत्तर नाही. अमेरिकेतील लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू हँक गेदर्स ४ मार्च १९९० रोजी एका स्पर्धेच्या सामन्यातच कोसळून गेला. तीन महिन्यांपूर्वी फ्री थ्रो (कुणाच्या अडथळ्याविना बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी) घेतानाही तो पडला होता. उजव्या हाताने फ्री थ्रो चुकत, म्हणून तो ते डाव्या हाताने घेऊ लागला होता. ती स्पर्धा रद्द झाली, पण संघ पुढे राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. तिथे त्याचा लहानपणापासूनचा मित्र बो किंबल प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकत असे. एस्पान्योल या स्पॅनिश फुटबॉल क्लबचा कर्णधार दानी जार्के ८ ऑगस्ट २००९ रोजी गेला. त्याचा जर्सी क्रमांक २१ होता, म्हणून सामन्याच्या २१ व्या मिनिटाला गॅलरी टाळ्या वाजवते.

अशा खुणांचे महत्त्व मोठे आहे, पण त्या सगळ्यांना पुऱ्या पडत नाहीत. ‘मीच त्याला अजून एक फेरी मारायला लावली’ हे प्रशिक्षकाच्या मनातून जात नाही. शेजारी बसणाऱ्याला आपलेही छातीत धडधडतेय असे वाटू लागते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून सक्तीने बोलते करण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. एकाच बैठकीचा असा उपाय पुढचा मानसिक त्रास टाळत नाही, असे अभ्यासांत दिसून आले आहे. खरी माहिती सांगणे, नेहमीची माणसे जवळ असणे आणि बोलायचे तेव्हा बोलण्याची मोकळीक यांचा जास्त आधार होतो. अफवांनी मात्र जखम चिघळते. शवविच्छेदन होण्याआधीच उत्तेजक औषधे, व्यसन, लस अशी कारणे चिकटवली जातात आणि आईवडिलांना दुःखाबरोबर खुलासेही देत बसावे लागते.

कुटुंबाच्या दृष्टीने कारणाचा शोध हा शोकाचाच भाग असतो. शवविच्छेदनाला घरच्यांचा जीव धजावत नाही, हे कुणीही समजू शकेल. पण दोष आनुवंशिक असेल, तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता बहुधा निम्मी असते. त्यामुळे हृदय तज्ज्ञाने तपासणे, जनुक चाचणीसाठी नमुना राखून ठेवणे आणि आईवडील-भावंडांची तपासणी करणे आवश्यक ठरते. अमेरिकन व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामना चालू असताना बाकावर बसल्या बसल्या गेली. वय ३१. आधी हार्ट अटॅक असे सांगितले गेले. घरच्यांनी मायदेशी शवविच्छेदन करवून घेतले, तेव्हा मारफान या आनुवंशिक विकारामुळे महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटल्याचे निघाले. मग तिच्या भावाला तपासले. त्यालाही तोच विकार होता. त्याच्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली.